नवीन काय आहे?

हायकोर्टातून जामीन फेटाळला गेला की महिन्या-दोन महिन्यांनी पक्षकाराचा भाऊ फाइल घेऊन हजर. "मॅडम, अजून एकदा टाकून पाहू ना जी." माझा ठरलेला प्रश्न, नवीन काय आहे? सहआरोपी सुटला, चार्जशीट आलं, खटला वर्षभर हलला नाही, असं काही असेल तरच दुसऱ्या अर्जात दम. आधीचे अर्ज आणि त्यांचे निकालही सांगावे लागतात. लपवले तर जामीन राहिला बाजूला, वकिलाचीच हजेरी घेतली जाते.

परवा नागपुरात सिव्हिल लाइन्सला, हायकोर्टाच्या बाररूममध्ये, आमचा एक ज्युनिअर तावातावानं म्हणाला की ब्रिटनमध्ये आश्रय नाकारला तरी लोक दाव्यावर दावे टाकतात आणि कोर्टं चालवून घेतात. अरे, कुठं चालवून घेतात! तिथल्या इमिग्रेशन नियमांत ३५३ वा परिच्छेद आहे. पहिला दावा आणि त्यावरचं अपील संपल्यावर जे काही दाखल कराल, ते आधी तपासलेल्यापेक्षा लक्षणीय वेगळं हवं आणि जुन्या कागदांसोबत वाचून यशाची खरीखुरी शक्यता दिसायला हवी. नाही दिसली तर तो नवा दावाच धरत नाहीत, आणि त्या नकारावर अपीलही नाही. २०१९ मध्ये त्यांच्या सुप्रीम कोर्टानं हद्दपारीच्या एका प्रकरणात, रॉबिन्सनमध्ये, हे पक्कं केलं. उरतं फक्त न्यायिक पुनर्विलोकन, म्हणजे निर्णय कायदेशीर होता का एवढंच कोर्टानं पाहणं, तेही परवानगी मिळाली तर. 'पूर्णपणे निराधार' असा शेरा बसला की परवानगीसाठी तोंडी युक्तिवादाची संधीही गेली.

ही चाळणी मला मान्य आहे. माझ्या प्रश्नाचीच ती मोठी बहीण. पण माझा पक्षकार हरला तर सेंट्रल जेलमध्येच असतो, उद्या पुन्हा अर्ज करता येतो. आश्रय मागणारा हरला तर विमानात बसतो, आणि चूक झाली असेल तर ती तिकडं उतरल्यावर कळते. म्हणून जिवाचा प्रश्न असेल तिथं निर्णय अत्यंत काटेकोरपणे तपासा, असं हाउस ऑफ लॉर्ड्सनं, म्हणजे ब्रिटनच्या तेव्हाच्या सर्वोच्च कोर्टानं, १९८७ मध्येच बजावलं होतं. आपल्याकडेही तोच कल दिसतो. एकाच कारणावर पुन्हा पुन्हा रिट नको, हे सुप्रीम कोर्टानं १९६१ मध्ये दर्याव प्रकरणात सांगितलं. पण हायकोर्टानं हेबियस कॉर्पस, म्हणजे बेकायदा कोठडीविरुद्धचा अर्ज, फेटाळला तरी राज्यघटनेच्या कलम ३२ खाली थेट सुप्रीम कोर्टात दाद मागता येते, हे १९६७ मध्ये गुलाम सरवरमध्ये मोकळं ठेवलं. (निर्वासितांसाठी वेगळा कायदा मात्र आपल्याकडे नाहीच, १९५१ च्या करारावर आपली सही नाही. आमच्या जरीपटक्यात पाकिस्तानातून आलेल्या सिंधी कुटुंबांना विचारा, नागरिकत्व मिळेपर्यंत त्यांचं सगळं गणित व्हिसाच्या मुदतीवर.)

मला खटकतं ते ब्रिटनचं २०२२ चं पाऊल. तिथल्या सुप्रीम कोर्टाच्या २०११ च्या कार्ट निकालानं एक फट ठेवली होती. अप्पर ट्रिब्युनलनं (इमिग्रेशनची अपिलं ऐकणारं वरचं न्यायाधिकरण) अपिलाची परवानगी नाकारली तर, महत्त्वाचा तत्त्वाचा मुद्दा किंवा तसंच सबळ कारण असेल तेव्हा, हायकोर्टात जाता येत असे. संसदेनं ती जवळपास बुजवली. बदहेतू, नैसर्गिक न्यायाचा मूलभूत भंग, असे मोजके अपवाद राहिले. समर्थनार्थ आकडा काय दिला, तर सरकारनं नेमलेल्या समितीचा, ५,५०२ अर्जांपैकी १२ यशस्वी. पाव टक्काही नाही! लोकांनी खोदून पाहिलं तेव्हा कळलं की प्रसिद्ध झालेल्या निकालांतलंच यश मोजलं होतं आणि बाकीचे सगळे अर्ज हरल्यात जमा धरले होते. मग सरकारनं स्वतःच आकडा ३.४ टक्क्यांवर नेला, म्हणजे पहिल्याच्या पंधरा पट. कायदा तरीही झालाच.

ज्युनिअरचं म्हणणं, शंभरात तीन म्हणजे कोर्टाचा वेळ वायाच. मी त्याला म्हटलं, आपल्या दुसऱ्या जामीन अर्जांचा हिशेब काढ, मग बोलू. तो अजून आलेला नाही.