मानाची कुस्ती आणि तुर्की पाहुणा

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या आगेमागे आमच्याकडे खान्देशात गावोगाव जत्रा भरतात आणि जत्रा म्हटली की कुस्त्यांची दंगल आलीच. मी पंच म्हणून जातो. लोकांना वाटतं पंचानं शिट्टी फुंकायची. खरं डोकं लागतं ते जोड लावायला. वजनकाटा नसतो, वजन डोळ्यांनीच करायचं. मान बघायची, खांदे बघायचे, कान बघायचे. कान मोडलेला असला की पोरगा तालमीतला. त्याच्यासमोर नुसता शेतात राबलेला गडी द्यायचा नाही. जत्रा समितीतल्यांना हे पटवता पटवता घसा बसतो, कारण प्रत्येकाला आपल्या भावकीतल्या पोराला सोपी जोड हवी असते.

यंदा अमळनेर तालुक्यातल्या दंगलीला भाचा एक पाहुणा घेऊन आला. जळगावला ठिबकच्या कारखान्यात कामासाठी आलेला तुर्की इंजिनिअर, गाव एदिर्ने. किर्कपिनार या तुर्कस्तानातल्या नावाजलेल्या कुस्त्या होतात तेच एदिर्ने. २०१० साली त्या युनेस्कोच्या वारसा यादीत गेल्या. आधी त्याला सगळ्याचंच अप्रूप. रेवड्यांवर लढणारी चिल्लीपिल्ली, हलगी, इनामाच्या नोटा उंच धरून रिंगणाला फेरी मारणारा माणूस. पैलवान एकमेकांच्या अंगाला माती लावायला लागले तेव्हा मात्र तो हसला. त्यांच्याकडे अंगभर ऑलिव्हचं तेल चोपडतात. मग धरायचं कुठे, विचारलं. तर म्हणे चामड्याची विजार घालतात, तिच्या कमरेत हात घालायचा. सलग तीन वर्षं जिंकणाऱ्याला तिथे सोन्याचा पट्टा कायमचा मिळतो. मीही लगेच आमचा चाळीसगावकडचा विजय चौधरी पुढे केला. २०१४, २०१५, २०१६, सलग तीनदा महाराष्ट्र केसरी. कुस्ती म्हणजे फक्त कोल्हापूर समजणाऱ्यांना हे मी मुद्दाम ऐकवतो, पाहुण्यालाही ऐकवलं.

मग मानाची कुस्ती लागली. दोघंही नावाजलेले, बाहेरून बोलावलेले. सलामी झाली, खडाखडी झाली, म्हणजे उभ्यानं एकमेकांची ताकद अजमावणं, आणि खडाखडीच चालू राहिली. एकानं ढाक डाव लावला तो अर्ध्यावर सोडला. दुसरा पोटावर गेला, वरच्यानं एकलंगीचा डाव भरायला हात घातला आणि नुसता ठेवला. पब्लिक टाळ्या पिटत होतं. मागून एक म्हातारे बाबा ओरडले, "हाई कुस्ती शे का गयाभेट?" म्हणजे ही कुस्ती आहे की गळाभेट? मी दोनदा ताकीद दिली. वीस मिनिटं झाली, समितीनं खूण केली, बरोबरी सोडवली. इनाम अर्धं-अर्धं.

पाहुण्यानं भाच्याला काहीतरी विचारलं. भाचा सांगेना. मी आग्रह धरला तेव्हा म्हणाला, "मामा, तो विचारतो, यांचं आधीच ठरलं होतं का? म्हणतो, पाडायचं असलं की टाच मातीत रुतते, यांची एकदाही रुतली नाही."

आम्ही याला नुरा म्हणतो. आखाड्यात ते कळतं, पण सिद्ध करता येत नाही. आणि पैलवानाच्या बाजूनं बघितलं तर राग धरवत नाही. बदाम, दूध, तूप, तालमीचा खर्च वर्षभर. कमाई जत्रांच्या दोन महिन्यांत. आज गुडघा गेला तर पुढची सगळी मैदानं गेली. गावाला मोठं नाव हवं असतं, त्यांना धड अंगानं घरी जायचं असतं. म्हणून ते एकमेकांना सांभाळतात.

पाहुण्यानं त्यांच्याकडचं सांगितलं. पूर्वी वेळेचं बंधनच नव्हतं, कुस्ती लांबतच जायची. १९७५ पासून मर्यादा आली. आता वेळ संपली की गुणांवर निकाल लावतात, अर्धं-अर्धं वाटायची सोय नाही.

रात्री शेवभाजीच्या पंगतीत मी समितीपुढे विषय काढला. म्हटलं, बरोबरी सुटली तर इनाम गावाकडेच ठेवा, नाहीतर गुण द्यायचा अधिकार तरी पंचाला द्या. अध्यक्ष म्हणाले, "भाऊ, मग मोठे पैलवान येतीन का आपल्याकडे?"

नाही येणार, हे मलाही माहीत आहे. तरी पुढच्या वर्षीची सुपारी घेण्याआधी गुणांचं लेखी मागणार आहे.