सोलमधलं ज्येष्ठमध

गावाहून फोन आला की हल्ली एक मागणी हमखास असते: येताना जिनसेंग या औषधी मुळीची क्रीम आण. आणीन, आनंदाने. पण इथली, म्हणजे दक्षिण कोरियातली, वनौषधींची विद्या मला जिनसेंगपेक्षा ज्येष्ठमधामुळे जास्त कळली.

जेगी-दोंग मेट्रो स्टेशनजवळ यांगन्योंगसी हा औषधी मुळ्यांचा मोठा बाजार आहे. दालचिनी, सुंठ, वाळवलेली संत्र्याची साल आणि ज्येष्ठमधाचे तिरके काप, सगळं पोत्यांत उघडं मांडलेलं. ज्येष्ठमधाला इथे गामचो म्हणतात आणि अनेक काढ्यांत ते असतंच. या परंपरेचा आधारग्रंथ म्हणजे राजवैद्य हो जून यांचा 1613 साली छापलेला ‘दोंगुइ बोगाम’. मूळ ग्रंथ चिनी लिपीत, पण स्थानिक वनस्पतींची नावं त्यांनी हंगुल या कोरियन लिपीतही दिली. झाडपाला ओळखणं फक्त दरबारी वैद्यांच्या हाती राहू नये, ही केवढी मोठी दृष्टी! 2009 मध्ये युनेस्कोने हा ग्रंथ जागतिक स्मृतिठेव्यात घेतला.

एवढी पुण्याई पाठीशी असूनही क्रीमच्या डबीवर हवं ते छापता येत नाही. काळे डाग किंवा सुरकुत्या कमी होतात असं म्हणायचं, तर ते इथे ‘कार्यात्मक सौंदर्यप्रसाधन’ ठरतं. 2000 सालापासून त्यासाठी वेगळा कायदेशीर वर्ग आहे. सरकारने मान्य केलेला घटक ठरलेल्या प्रमाणात घाला, नाहीतर स्वतःच्या चाचण्यांचे पुरावे द्या. डागांसाठीच्या यादीत तेलात विरघळणारा ज्येष्ठमधाचा अर्क आहे, प्रमाण 0.05 टक्के. ज्या झाडाच्या सालीपासून इथला पारंपरिक हातकागद बनतो, त्या दाक झाडाचा अर्कही आहे, 2 टक्के. जिनसेंग मात्र या यादीत नाही. (ही यादी काळे डाग कमी करण्यासाठी, एवढंच समजा; गोरं होण्याचा हव्यास इथेही आहे आणि मला तो आपल्याकडच्याइतकाच खुपतो.)

‘तेलात विरघळणारा’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. त्वचेत रंगद्रव्य तयार करणाऱ्या टायरोसिनेज या विकराला (एन्झाइमला) अडवणारं ग्लॅब्रिडिन ज्येष्ठमधात असतं, पण ते पाण्यात फारसं उतरत नाही. म्हणजे काढा घशाला आराम देईल, चेहऱ्याला चोपडून हे काम होणार नाही. शिवाय ग्लॅब्रिडिन ही ग्लायसिरायझा ग्लॅब्रा या जातीची खूण. पूर्व आशियात औषधाला मुख्यतः युरालेन्सिस ही बहीणजात वापरतात; आयुर्वेदातलं आपलं ज्येष्ठमध मात्र ग्लॅब्राच! जात कुठली, अर्क कशात काढला, प्रमाण किती, एवढं विचारल्यावरच मुळी औषधाच्या पोत्यातून क्रीमच्या डबीत पोचते. जुन्या विद्येचा असा मान ठेवलेला मला फार आवडतो.

इथे क्रीमच्या डब्यांवर सध्या खूप दिसणारं नाव म्हणजे ‘सिका’. सिका म्हणजे आपली मंडूकपर्णी, कोकणात ओलाव्याच्या जागी पसरणारी. तिच्यातलं मॅडेकासोसाइड त्वचेची जळजळ शमवतं आणि जखम भरायला मदत करतं, म्हणून इथे औषधाच्या दुकानांतही तिच्या अर्काचं मलम मिळतं. कोकणच्या कुठल्या मातीत, कुठल्या हंगामात तोडलेल्या पानांत हे द्रव्य किती भरतं, हे मला सविस्तर वाचायचं आहे. तुमच्यापैकी कुणी वनस्पतिशास्त्रात किंवा फार्मसीत असं काम करत असेल, तर जरूर लिहा.