जालन्याची बंद मिल मोंबासाला नेताना

जालन्याला जाण्यासाठी संभाजीनगरला उतरून गाडी करायची गरज नाही; नांदेड-मुंबई वंदे भारत जालन्यात थांबते. रिक्षावाल्याला मात्र नुसतं ‘एमआयडीसी’ सांगू नका, फेज सांगा. नाहीतर उन्हात गेटं शोधत फिराल.

काम असं होतं. भंगार वितळवून बिलेट (पोलादाच्या चौकोनी कांड्या) आणि सळई काढणारी एक मिल बरीच वर्षं बंद आहे. वीजबिलाचा ताळमेळ बसेना म्हणून मालकांनी कुलूप लावलं. आता केनियात मोंबासाजवळ होऊ घातलेल्या कारखान्याला ती हवी आहे. त्यातलं काय जहाजावर चढवायचं आणि काय इथंच भंगारात काढायचं, हे ठरवायला मी गेलो होतो.

माझं मत आधीच सांगतो: सगळं नेऊ नका. शेडचं स्ट्रक्चर, बिलेट पुन्हा तापवणाऱ्या रिहीटिंग फर्नेसच्या विटा, कूलिंग टॉवर यांचं भाडंच किमतीच्या वर जातं. न्यायचं ते भट्टीची कॉइल (आतून पाणी फिरणारं तांब्याच्या नळीचं वेटोळं), पॅनेल, ट्रान्सफॉर्मर, मिलचे स्टँड (रोल धरणाऱ्या चौकटी) आणि गिअरबॉक्स. केनियातही वीज ५० हर्ट्झची आहे, त्यामुळे मोटारी आणि ट्रान्सफॉर्मर तिकडे चालतात. हीच मिल ६० हर्ट्झच्या सौदीला न्यायची असती, तर अर्धी यादी खोडावी लागली असती.

कॉइल खोलताना तिथेच उभे राहा. आमच्या फिटरने होजपाइप काढून कॉम्प्रेसरची हवा सोडली. आधी नुसता फुसफुसाट, मग गंजाच्या रंगाचं पाणी भळाभळा आलं, पाठोपाठ क्षाराचे पापुद्रे. हे पाणी आत राहिलं तर बंदरात पोचेपर्यंत तांबं खराब होतं. हवा कोरडी यायला लागली की लगेच तोंडं बूच मारून बंद करा आणि कॉइल कुलपात ठेवा. बंद कारखान्यातलं तांबं रात्रीतून नाहीसं होतं, हे जालन्यात कुणाला सांगायला नको. कॉइल खोलण्याआधी भट्टीचं जुनं लाइनिंग, म्हणजे आतलं अस्तर, फोडून काढावं लागतं. ती सिलिकाची धूळ असते. हेल्परला नुसता गमछा बांधून आत उतरवू नका, चांगला मास्क द्या.

खुणांचं काम सगळ्यात महत्त्वाचं. स्टँडवर ऑइलपेंटने नंबर टाकायचं चाललं होतं, तेव्हा तिथले जुने मिस्त्री म्हणाले, “साहेब, रंग पहिल्याच पावसात जातो. छिन्नीनं मारा.” मग स्टँडच्या प्रत्येक हाउसिंगवर (बाहेरच्या सांगाड्यावर) आणि खालच्या बेडप्लेटवर छिन्नीने खुणा केल्या. बेडप्लेटखालच्या शिमा (पातळी जुळवायच्या पातळ पट्ट्या) ज्या कोपऱ्यातल्या त्याच कोपऱ्याच्या गठ्ठ्यात तारेने बांधून वर पत्र्याचा बिल्ला लावला. शिमा एकत्र झाल्या तर तिकडे अलाइनमेंट पहिल्यापासून करावी लागते. जर्मनीतल्या डॉर्टमुंडचा फिनिक्स पोलाद कारखाना असाच सुटा करून चीनला गेला. त्या जागी आता तळं आहे. त्या मानाने आपली मिल म्हणजे किरकोळ काम, पण नियम तोच.

कागदपत्रांत लोक अडकतात ते दोन ठिकाणी. मशिनरीवर बँकेचा बोजा असेल तर एनओसीशिवाय एक बोल्टही हलवू नका. आणि ती ईपीसीजीत (निर्यातीच्या अटीवर आयातशुल्कात सवलत देणाऱ्या सरकारी योजनेत) आयात झालेली असेल तर निर्यातीची अट पुरी झाल्याचं पत्र आधी बघा. केनियासाठी मालाची तपासणी इथंच करून प्रमाणपत्र घ्यावं लागतं. जुनी मशिनरी आहे म्हणून सूट मिळेल असं धरून चालू नका. पॅकिंगच्या पेट्यांचं लाकूड ५६ अंशांवर ३० मिनिटं तापवलेलं आणि शिक्का मारलेलंच हवं. जालन्यात पेट्या करून घ्यायच्या असतील तर सुताराला हे आधी सांगा. गिअरबॉक्समधलं तेल काढायला विसरू नका.

मापं घेताना कंटेनरच्या आतली उंची बघून भागत नाही, दरवाजाची बघा. साध्या कंटेनरचा दरवाजा साधारण २.२८ मीटर, जास्त उंचीच्या हाय क्यूबचा २.५८. त्यात न बसणारं हाउसिंग फ्लॅट रॅकवर (छप्पर आणि बाजू नसलेल्या कंटेनरवर) जातं आणि भाडं चढतं. ट्रेलर निधोन्याजवळ समृद्धीला लागतो, तिथून इगतपुरीमार्गे न्हावाशेवा. जास्त रुंदीच्या मालाची परवानगी ट्रान्सपोर्टरकडून लेखी घ्या. “होऊन जाईल” यावर ट्रेलर भरू नका.

तिकडचं फाउंडेशन तयार झाल्याचे फोटो हातात येईपर्यंत माल सोडू नका. फाउंडेशनचे ड्रॉइंग मात्र आजच पाठवा. कंटेनर मोंबासा बंदरात पडून राहिला की रोजचं डेमरेज (जादा भाडं) चढतं आणि ते कोणी भरायचं यावरून भांडणं होतात.

ज्या मिस्त्रींनी खुणा केल्या त्यांनाच उभारणीला न्या. करार करताना त्यांचा पगार, विमा आणि परतीचं तिकीट लिहून घ्या. आमच्या पार्टीने सुरुवातीला त्यांचं नावही यादीत धरलं नव्हतं. केनियाला ऑनलाइन प्रवास परवानगी लागते आणि पिवळ्या तापाची लस निघण्याच्या किमान १० दिवस आधी घ्यावी लागते. त्यांच्याकडे पासपोर्ट नसेल तर त्याचा अर्ज मिल खोलायला घ्याल त्याच आठवड्यात भरा.