तुम्ही विचारलंत म्हणून: पिवळ्या दिव्याची तीन सेकंदं

सिग्नलच्या वेळा बसवायचं काम मी बरीच वर्षं केलं. त्यामुळे ओळखीत कुणाला सिग्नल तोडल्याची नोटीस आली, की ती फोटोसकट माझ्यासमोर येते आणि प्रश्न ठरलेला असतो: ‘कॅमेरे लावून असा दंड घेणं न्यायाचं आहे का हो?’ आजवर मी उभ्या उभ्या काहीतरी सांगून वेळ मारून नेली. आता नीट सांगते.

माझं उत्तर ‘हो’ असंच आहे. पण त्या ‘हो’ला एक अट आहे, आणि ती कॅमेऱ्याला नाही, पिवळ्या दिव्याला आहे.

माझ्याकडे आलेले दोन फोटो सांगते. या फोटोंवर एक बारीक पट्टी छापलेली असते. तारीख, वेळ, गाडीचा वेग, पिवळा किती सेकंद होता आणि लाल लागून किती वेळ झाला होता, हे सगळं तिच्यात असतं. लोक दंडाचा आकडा पाहतात, पट्टी कुणी वाचत नाही. पहिल्या फोटोत गाडी थांबरेषेवर होती आणि पट्टीवर होतं: पिवळा ३.०, लाल ०.२. म्हणजे लाल लागून सेकंदाचा पाचवा हिस्सा झाला होता. दुसऱ्या फोटोत लाल लागून चार सेकंद उलटली होती, वेग साठच्या घरात. चौकटीच्या उजव्या कोपऱ्यात एक बाई झेब्रा क्रॉसिंगवर पाऊल टाकत होती, तिच्या हाताला धरलेलं एक मूल होतं. दोन्ही गाडीवाल्यांचं म्हणणं एकच होतं, ‘माझ्यावर अन्याय झाला.’ दुसऱ्याशी मी फार बोलले नाही. तो फोटो त्याच्यासमोर ठेवला आणि कोपऱ्यावर बोट ठेवलं.

पहिल्याचं म्हणणं मात्र खरं असू शकत होतं.

गाडी ताशी पन्नास किलोमीटरने चालली आहे असं धरा. म्हणजे सेकंदाला जवळजवळ चौदा मीटर. पिवळा दिसला, डोक्यात शिरलं, पाय ब्रेकवर गेला, यात एक सेकंद जातो आणि तेवढ्यात चौदा मीटर संपतात. पुढे मागच्या सीटवरचा माणूस आदळणार नाही अशा बेताने ब्रेक लावला, तर थांबायला आणखी बत्तीस मीटर लागतात. एकूण सेहेचाळीस. आता पिवळा तीनच सेकंदांचा असेल, तर तेवढ्या वेळात ही गाडी बेचाळीस मीटर जाते. म्हणजे पिवळा लागला तेव्हा जो रेषेपासून चव्वेचाळीस मीटरवर आहे, त्याने काय करावं? थांबायला रस्ता पुरत नाही, निघून जायला वेळ पुरत नाही. हा चार मीटरचा पट्टा आहे, एका मोटारीच्या लांबीएवढा. ताशी साठने हिशेब केलात तर तो तेरा मीटरांवर जातो. त्यात सापडलेला माणूस नियम पाळायला तयार असला तरी पाळू शकत नाही.

हे मी शोधलेलं नाही. डेनॉस गाझिस, रॉबर्ट हर्मन आणि अलेक्सेई मॅराडूडिन या तिघांनी १९६० साली हे गणित मांडलं आणि पिवळा निदान किती असायला हवा याचं सूत्र दिलं. आमच्या कामात आजही तोच पाया आहे. वरच्या उदाहरणात पिवळा साधारण ३.३ सेकंदांचा केला की तो पट्टा नाहीसा होतो. तीन दशांश सेकंद! एवढ्यावर माणूस गुन्हेगार ठरतो किंवा ठरत नाही, हे मला कामाच्या पहिल्या वर्षी कळलं, आणि तेव्हापासून मी पिवळ्याच्या वेळेला कधी सहज हात लावलेला नाही.

चौकात पोलीस उभा असतो तेव्हा ही चूक झाकली जाते. दोन दशांश सेकंद त्याच्या डोळ्याला दिसतच नाहीत, आणि दिसले तरी तो सोडून देतो. कॅमेरा सोडत नाही. पिवळ्यात खोट असेल तर कॅमेरा ती रोज, चोवीस तास, प्रत्येकाकडून वसूल करतो. शिकागोत हेच झालं. २०१४ साली तिथल्या महापालिकेच्या महानिरीक्षकाने दाखवून दिलं की पिवळा तीन सेकंदांपेक्षा किंचित कमी, म्हणजे २.९ असतानाही दंड लावले गेले. असे सुमारे ७७ हजार दंड निघाले, ७७ लाख डॉलरचे. कॅमेरा पुरवणाऱ्या कंपनीकडून लाच घेतल्याबद्दल त्याच शहराच्या एका माजी अधिकाऱ्याला २०१६ साली दहा वर्षांची कैद झाली. दंडाच्या पैशावर ज्याचा हिशेब चालतो, त्याच्या हातात पिवळ्या दिव्याची किल्ली असता कामा नये, याहून जास्त काही पैशाबद्दल मला सांगायचं नाही.

वळणाऱ्या गाड्यांची गोष्ट आणखी वेगळी. मूळ सूत्र सरळ, एकाच वेगाने जाणाऱ्या गाडीचं आहे. वळायचं असेल तर माणूस आधीच वेग कमी करतो, म्हणून रेषेपर्यंत यायला त्याला जास्त वेळ लागतो. २०१३ साली अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यात, बीव्हर्टन गावी, मॅट्स यार्लस्ट्रोम यांच्या पत्नीला कॅमेऱ्याचा दंड आला. ते इलेक्ट्रॉनिक्समधले. त्यांनी बसून सगळं गणित पुन्हा केलं आणि ही त्रुटी दाखवली. राज्याच्या अभियंता मंडळाने त्यांनाच पाचशे डॉलर दंड केला, का तर परवाना नसताना अभियांत्रिकी केली! ते न्यायालयात गेले आणि जिंकले. २०२० साली वाहतूक अभियंत्यांच्या संस्थेने पिवळ्याबद्दलची आपली मार्गदर्शक तत्त्वं सुधारली, त्यात वळणाऱ्या गाड्यांचा हा विचार आला. एका नोटिशीपासून सुरू झालेलं काम, सात वर्षं. त्या माणसाबद्दल मला मनापासून आदर आहे.

हे सगळं ऐकून लोक म्हणतात, मग काढूनच टाका ना कॅमेरे. नाही. फिलाडेल्फियाचं उदाहरण मी नेहमी सांगते. तिथे दोन चौकांत आधी पिवळा सुमारे एक सेकंदाने वाढवला, तेवढ्यानेच सिग्नल तोडणं ३६ टक्क्यांनी कमी झालं. त्यानंतर कॅमेरे लावले, तेव्हा उरलेल्यातलं ९६ टक्के थांबलं. म्हणजे एक तृतीयांशाहून जास्त लोक घड्याळाच्या चुकीने अडकत होते, आणि बाकीच्यांना थांबवायला खरोखर कॅमेराच लागला. क्रम महत्त्वाचा आहे. आधी पिवळा सरळ करा, मग फोटो काढा.

कॅमेऱ्यामुळे मागून धडका वाढतात, हेही खरं आहे. दचकून लोक करकचून ब्रेक मारतात. अमेरिकेच्या महामार्ग प्रशासनाच्या २००५ सालच्या अभ्यासात मागून होणाऱ्या धडका सुमारे १५ टक्क्यांनी वाढल्या आणि आडव्या धडका सुमारे २५ टक्क्यांनी घटल्या. मागून धडक बसते तेव्हा बहुतेक वेळा पत्रा चेपतो. आडवी गाडी येते ती थेट दारावर, तिथे माणूस आणि गाडी यांच्यात वीतभर अंतर असतं. हा सौदा मला मान्य आहे.

एक गोष्ट मात्र मनाला टोचते. कॅमेरा नंबरप्लेट पाहतो, माणूस नाही. गाडी भावाने नेलेली असो, मुलीने नेलेली असो, नोटीस मालकाच्या नावावर येते, आणि तीसुद्धा कित्येक दिवसांनी, जेव्हा तो चौक आठवतही नाही. अशा वेळी ‘मी चालवत नव्हतो’ हे सिद्ध करायचं ओझं मालकावर टाकणं मला पटत नाही. गाडी थांबवून बोलणारा पोलीस पक्षपात करू शकतो, चेहरा बघून सोडू शकतो, कॅमेरा ते करत नाही, हे कबूल. पण त्या पोलिसाला निदान कारण सांगता येतं. मागून रुग्णवाहिका आली म्हणून रेषा ओलांडली, हे पट्टीवर कुठेच उमटत नाही. म्हणून प्रत्येक नोटीस पाठवण्याआधी माणसाने पाहिलेली असावी आणि हरकत घ्यायचा रस्ता सोपा असावा, असं मी कामावर असतानाही म्हणत होते.

त्या पहिल्या फोटोवाल्याबरोबर मी एका सकाळी त्या चौकात गेले. वेगमर्यादा पन्नासची होती. स्टॉपवॉच घेऊन पदपथावर उभी राहिले आणि चाळीस वेळा पिवळा मोजला. चाळीसही वेळा तीन सेकंद. आम्ही आकडे लिहून दिले. दंड काही माफ झाला नाही, कारण नियमाप्रमाणे दिवा लालच होता. पाच महिन्यांनी तिथला पिवळा साडेतीन सेकंदांचा झाला. त्याआधीच्या नोटिसा कुणी पुन्हा उघडल्या नाहीत.