एमबीबीएस झालं, म्हणजे दवाखाना उघडता येतो असं नाही

साडेचार वर्षं पास झाली की महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडून आधी तात्पुरती नोंदणी मिळते. ती फक्त इंटर्नशिपपुरती. त्यामुळे आरोग्य केंद्रात पोस्टिंग असलेल्या इंटर्ननं संध्याकाळी गावातल्या मेडिकलवर बसून पेशंट तपासणं बेकायदेशीरच, मग सरपंचांनी कितीही आग्रह करू द्या. 12 महिन्यांची इंटर्नशिप संपली की कायम नोंदणी. परदेशात शिकलेल्यांना त्याआधी एफएमजीई ही पात्रता परीक्षा पास व्हावी लागते: 300 पैकी 150 गुण.

अर्ज अडतो तो बहुतेक नावापायी. दहावीच्या मार्कशीटवर 'ज्ञानेश्वर', आधारवर 'दन्यानेश्वर', पदवीवर वडिलांचं नाव गायब! ही दुरुस्ती फायनल इयरलाच उरकून घ्या. नंतर यवतमाळचं कॉलेज, नाशिकचं आरोग्य विद्यापीठ, मुंबईची कौन्सिल असा कागदांचा फेरा सुरू होतो. लग्नानंतर नाव बदललं असेल तर राजपत्राची प्रतही जवळ ठेवा.

सरकारी कॉलेजवाल्यांनो, एक वर्षाच्या सरकारी सेवेचा बाँड वेगळा, तो विसरू नका.

बीएएमएस, बीएचएमएसची नोंदणी त्यांच्या-त्यांच्या परिषदेकडे. आणि एमबीबीएसवाल्यांचं नूतनीकरण दर 5 वर्षांनी; त्यासाठी लागणारे, वैद्यकीय परिषदा-कार्यशाळांना हजर राहून मिळणारे क्रेडिट पॉइंट गडचिरोलीत बसून शेवटच्या महिन्यात जमत नसतात.