अकरा मीटर रुंद रान आणि भूकरमापकाची भरती

मी भूकरमापक आहे, जमिनीच्या मोजण्या करतो. सिन्नर तालुक्यातली एक पोटहिस्सा मोजणी, म्हणजे वाटणीतले हिस्से मोजून वेगळे करायचं काम, मात्र अजून डोक्यातून जात नाही. तिघा भावांची वाटणी, जमिनीचे तीन गट, एक रस्त्याकडेचा, एक विहिरीचा आणि एक मुरमाड. एकेकाने एकेक गट घेतला असता तर सलग रान राहिलं असतं, पण पाणी एकाच गटात, मग दुसरे दोघं कसे ऐकतील. प्रत्येकाला प्रत्येक गटात हिस्सा पाहिजे आणि वर प्रत्येक हिश्श्याला रस्त्याचं तोंडही पाहिजे, म्हणून उभ्या पट्ट्याच पाडाव्या लागल्या.

मधल्या भावाला विहिरीच्या गटात जी पट्टी आली ती ११ मीटर रुंद, १८० मीटर लांब, म्हणजे २० गुंठ्यालाही थोडी कमीच. २०२३ पासून बागायतीचा तुकडा किमान १० गुंठ्यांचा हवा अशी अट आहे, त्यामुळे कायद्याने सगळं बरोबर. पण उभी नांगरट होईल हो, आडवी पाळी मारायची म्हटली की ट्रॅक्टर भावाच्या रानात जाणार आणि तिथून भांडण सुरू.

त्या भावाचा पोरगा, सिव्हिलचा डिप्लोमा झालेला, सकाळपासून माझ्याबरोबर रोव्हर, म्हणजे खांबावर बसवलेलं उपग्रहावरून जागा टिपणारं यंत्र, धरून चालत होता. खांब सरळ कसा धरायचा, रीडिंग फिक्स व्हायला थांबायचं का, हे एकदा सांगितलं तेवढंच, नंतर सांगावं लागलं नाही. अशी पोरं शेतीत का राहत नाहीत म्हणून लोक त्यांना आळशी ठरवतात ना, मला ते अजिबात पटत नाही. हा पोरगा रात्रीची लाईट असेल तेव्हा बॅटरी घेऊन पाणी भरायला जातो. मला म्हणला, "साहेब, कष्टाचं काय नाही ओ. कांदा चांगला आला होता, डिसेंबर २०२३ ला निर्यातबंदी झाली आणि आठवड्यात भाव पडला. त्यात माझं काय चुकलं सांगा? आणि आता ही पट्टी. उद्या आम्ही दोघं भाऊ, हिचे परत दोन करायचे का?"

काय सांगणार. १९७०-७१ च्या कृषी गणनेत महाराष्ट्रात एका खात्याला सरासरी ४.२८ हेक्टर जमीन होती, २०१५-१६ ला ती १.३४ वर आली. आकडे आम्हाला पाठ असतात, पण समोर उभा असलेला पोरगा त्या आकड्याचा अर्थ विचारतो तेव्हा तोंडातून शब्द फुटत नाही.

हद्दीचे दगड रोवून झाल्यावर त्याने विचारलं, भूकरमापकाची भरती कधी निघते, डिप्लोमा चालतो का. चालतो म्हणलं, तयारी कशी करायची तेही सांगितलं. त्याचे वडील जवळच उभे होते. वाटलं चिडतील, रान कोण बघणार म्हणतील. ते म्हणाले, "साहेब, पुस्तकांची नावं एका कागदावर लिहून द्या ना, उद्या मी नाशिकला चाललोय, घेऊनच येतो."