आमची वाटचाल: अर्जुनसालीकडून द्राक्षबीकडे

नाशिकला रविवार कारंज्याजवळ वडिलांचं काष्ठौषधींचं दुकान होतं. अर्जुनसाल, अशोकसाल, बाभळीची साल पोत्यांनी यायची आणि भरड होऊन वैद्यांकडे जायची. रसायनशास्त्र शिकून मी गल्ल्यावर बसलो, तेव्हा डोक्यात एकच होतं: भरड विकण्यापेक्षा अर्क काढू.

झाडाला कीड-बुरशीपासून पळता येत नाही, म्हणून ते सालीत टॅनिन हे तुरट द्रव्य आणि त्याच कुळातली इतर द्रव्यं, म्हणजे पॉलिफेनॉल, साठवतं. हीच द्रव्यं अँटिऑक्सिडंट, म्हणजे ऑक्सिडेशन रोखणारी. ते तपासायला डीपीपीएच नावाच्या रसायनाचं जांभळं द्रावण असतं; त्यात चांगला अर्क टाकला की रंग उतरून पिवळा होतो. अंबडच्या औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या गाळ्यात पहिल्यांदा तो रंग उतरला तेव्हा वडिलांना मुद्दाम बोलावून दाखवला. सगळी भांडी स्टीलचीच का, तर टॅनिन लोखंडाला लागलं की काळं पडतं, हेही सांगितलं. ते म्हणाले, "लोखंडी कढईत आवळा काळा पडतो हे तुझ्या आजीला ठाऊक होतं. त्याला डिग्री लागत नाही."

खरा पेच मालाचा. खोडाभोवती सगळीकडून साल काढली तर अन्नरस खाली मुळांकडे जात नाही आणि झाड मरतं. म्हणून पेठ-सुरगाण्याकडून आम्ही एकाच बाजूने, उभ्या पट्ट्यांत, आतला थर राखून काढलेलीच साल घेतो. ती महाग पडते, आणि पडावीच.

पुढचा रस्ता फ्रान्सचे शास्त्रज्ञ झाक मास्कलिए यांच्या कामातून दिसला. त्यांनी प्रोअँथोसायनिडिन हा टॅनिनचाच प्रकार आधी शेंगदाण्याच्या लाल सालीत शोधला, मग पाइनच्या सालीत, नंतर द्राक्षबीत. द्राक्षबी म्हणजे तर नाशिकचा कचरा! खायच्या थॉमसन जातीच्या द्राक्षांत बी नसते, पण वाइनरीच्या चोथ्यात भरपूर. त्यातही व्हाइट वाइनचा चोथा आम्हाला जास्त आवडतो. रेड वाइनमध्ये बी रसाबरोबर आंबते, त्यामुळे बरंचसं टॅनिन वाइनमध्येच उतरतं. फक्त ओल्या चोथ्याला लगेच बुरशी धरते, म्हणून हंगामात आमचा ड्रायर रात्रीही बंद नसतो.

"हृदयाला चालेल ना?" असं गिऱ्हाईक विचारतंच. आम्ही सांगतो, परीक्षानळीतला रंग वेगळा, शरीर वेगळं. ते डॉक्टरांना विचारा. लेबलवर एकूण पॉलिफेनॉलचं प्रमाण छापतो, रोगाचं नाव नाही. त्यापायी काही ऑर्डरी गेल्या. अर्जुनसालीचा अर्क आता मागणीपुरताच काढतो, द्राक्षबीचा मात्र वर्षभर पुरेल इतका.